कुंपणावरची पिटकुळी

ज्या बाईच्या बोटांना आज आंघोळीच्या वेळी काहीतरी लागलं आहे, आणि "असेल काही, जाईल आपोआप" असं जी स्वतःला सांगते आहे, तिच्यासाठी हे लिहिते.

माझ्या आजारपणात लोकांनी मला धीर देणारी पुस्तकं आणून दिली. त्यातल्या बायका हसतमुखाने ऑपरेशनला जातात. मी तशी गेले नाही. मी भीत भीत गेले, घरच्यांशी भांडत गेले, आणि एका खोट्या फुलाच्या भरवशावर गेले. आता भीती गेली का, असं विचारशील तर नाही. वर्षाची तपासणी झाली आहे, रिपोर्ट यायचा आहे, आणि सकाळपासून मी एकच कुंडी इकडून तिकडे सरकवते आहे.

परडं

आमचं घर आचऱ्याजवळ, खाडीच्या अंगाला. घरात मी, माझा नवरा आणि सासूबाई. सासूबाईंना सगळे आये म्हणतात. मुलगी रुपाली पुण्याला नोकरी करते. नवरा टेम्पो चालवतो. आंबे, चिरे, नारळ, जे भाडं मिळेल ते. त्याचं नाव मी उखाण्यात एकदा घेतलं तेवढं पुरे, इथे 'हे' म्हणते.

घरामागचं परडं माझं. चतुर्थीच्या आधी वाफ्यांच्या काठाचे चिरे चुन्याने रंगवायचे, तुळशीभोवती पांढरे शिंपले मांडायचे, ह्यांच्या भावाचं फाटकं जाळं दोन खांबांना ताणून त्यावर गोकर्ण चढवायची, हे सगळं मी करते. पावसात तेरडा, दिवाळीला शेवंती आणि झेंडू, थंडीत अबोली, शिमग्याच्या सुमाराला सुरंगी, मग मोगरा. आणि विहिरीजवळ बारा महिने फुलणारी पिटकुळी. तांबड्या झुबक्यांचं हे झाड आमच्याकडे घरोघरी असतं, पण माझं जुनं, गावठी, बारीक टोकदार पाकळ्यांचं. गावदेवाला कौल लावायचा तर पुष्कळजण माझ्याच झाडाची फुलं नेतात. मला त्याचा जरा तोराच होता.

गाठ

श्रावणात जाळ्याची दोरी बांधायला मी हात वर केला आणि खांब छातीला लागला. दुखलं म्हणून चोळायला गेले, तर बोटाखाली कडक काहीतरी आलं. सुपारीएवढं. दुखत नव्हतं. खांब लागला तिथे दुखत होतं, गाठ मात्र गप्प होती. मला त्या गप्प बसण्याचीच भीती वाटली.

मी तशीच चिखलाच्या हातांनी पडवीत गेले आणि ह्यांना म्हटलं, "टेम्पो काढा. मालवणाक जाऊया."

"आता? काय झाला?"

"माका ठावक नाय. म्हणान तर जाऊया."

मालवणच्या डॉक्टरीणबाईंनी तपासलं आणि सुई घालून तुकडा काढायला कोल्हापूरला पाठवलं. रिपोर्ट चतुर्थीनंतर मिळणार होता. म्हणजे गणपती यायचा आणि तो घरात असेपर्यंत आम्ही काहीच माहीत नसल्यासारखं वागायचं.

गणपतीच्या डोक्यावर माटवी बांधतात. लाकडी चौकट, तिला रानातली फळं-फुलं लोंबकळतात. दरवर्षी ती मी सजवते. त्या वर्षी मी स्टुलावर उभी राहून हरणं नावाच्या रानफुलांचे झुबके बांधत होते आणि प्रत्येक गाठ मारताना मनात तोच शब्द येत होता. दोरीची गाठ, सुंभाची गाठ. शेवटी मी सगळं खाली टाकलं आणि आयेला म्हटलं, "माका घेरी येता." आयेने त्या वयात उभं राहून उरलेली माटवी बांधली. एक कोपरा खाली लोंबला होता. आरतीला आलेल्यांनी तो पाहिला, विचारलं कुणीच नाही. आमच्या गावात न विचारणं म्हणजे सगळ्यांना कळलेलं असणं.

प्लास्टिकची फुलं

कोल्हापूरच्या डॉक्टरांच्या टेबलावर एका फुलदाणीत प्लास्टिकची गुलाबं होती. त्यांच्यावर इतकी धूळ होती की गुलाबी रंग राखाडी झाला होता. डॉक्टर बोलत होते. "कॅन्सर आहे. पण वेळेत आलात. ऑपरेशन, मग औषधं. पुष्कळ बायका बऱ्या होतात." मी फुलांकडे बघत होते. ही धुवायला पाहिजेत, साबणाच्या पाण्यात बुडवून ठेवली तर निघेल, असं मी ठरवत होते. ह्यांनी माझा हात धरला तेव्हा कळलं की त्यांचा पंजा बर्फासारखा गार झालाय. आमच्या लग्नाला इतकी वर्षं झाली, चारचौघांत त्यांनी माझा हात कधी धरला नव्हता. त्यावरूनच मला कळलं की मी मरणार.

परत येताना घाटात गाडी थांबवून ह्यांनी चहा घेतला. मी घेतला नाही. ह्यांच्या कपातल्या चहावर साय धरली तरी हे दरीकडेच बघत होते, आणि मी नजर फिरवली. मला सांभाळणारा माणूस घाबरलेला बघायचा नव्हता.

उजवो की डावो

घरी आयेला सांगितलं. तिने आधी परड्याकडे बघितलं. मग म्हणाली, "तिनसांजेक फुलां काढतंस. कितीदा सांगलंय, झाडां तेव्हा निजतत. आयकलंस कधी?"

मी खूप बोलले त्यावर. जे बोलायला नको तेही बोलले. हे परड्यात निघून गेले. माझा आजार आमच्या घरात प्रथम असा शिरला. ज्याला त्याला एक दोषी माणूस पाहिजे होता.

थोड्या वेळाने आयेनेच पान वाढलं आणि म्हणाली, "कोल्हापूरचो डॉक्टर म्हणता ता खरा. पण देवाक विचारल्याशिवाय माझ्या घरातली बाई सुरयेखाली जाऊची नाय. कौल घेवा. उजवो दिल्यान तर जावा, डावो दिल्यान तर माझ्या जिवात जीव आसापर्यंत नाय."

बाहेरच्यांना सांगते. आमच्याकडे घर बांधायचं असो, लग्न ठरवायचं असो, होडी पाण्यात घालायची असो, देवाला विचारतात. गुरव गाऱ्हाणं घालतो आणि ओल्या कळ्या, कधी फुलं, देवाच्या पाषाणाला दोन्ही बाजूंना चिकटवतो. उजवीकडची पडली तर हो, डावीकडची पडली तर नाही. कधी लगेच पडते, कधी माणसं तासन् तास उभी असतात. हसायचं तर खुशाल हसा. तिथे उभं राहिलं की कुणी हसत नाही.

आणि आता जे सांगते ते मी तेव्हा कुणाजवळ बोलले नव्हते. मला डावा कौल पाहिजे होता. ऑपरेशनच्या टेबलावर आपण उघडे पडलोय आणि वरचा दिवा पेटलाय, एवढं चित्र आलं की मी हातातलं काम टाकून परड्यात जायची. देवच नको म्हणाला तर माझी सुटका होती. कुणी मला भित्री म्हणालं नसतं. मी परड्यात राहिले असते, जितकं राहायचं तितकं.

सकाळी विहिरीजवळच्या पिटकुळीची फुलं मी स्वतः काढली, केळीच्या पानात बांधली आणि ह्यांच्या हातात दिली. मला देवळात यायचा धीर नव्हता.

हे दुपार कलल्यावर आले. मी पडवीच्या पायरीवर बसले होते, आये आत माळ ओढत होती. ह्यांनी खिशातून पानाची घडी काढली. आत एक तांबडं फूल.

"उजवो दिल्यान," हे म्हणाले. "लगेच दिल्यान. जावया आपण."

आये आतून म्हणाली, "पावलो गो बाय माझो देव." आणि रडायला लागली.

मी फूल कपाळाला लावलं आणि मग त्याच्याकडे बघितलं. पाकळ्या गोल होत्या. जाड. माझ्या पिटकुळीच्या पाकळ्या तांदळासारख्या टोकदार. आणि कौलाचं फूल पाण्याने भिजलेलं, काळवंडलेलं असतं, त्याला तेलाचा, गंधाचा वास असतो. हे कोरडं होतं. नुकतं तोडलेलं. देवळाच्या वाटेवर जे नवीन रिसॉर्ट झालंय, त्याच्या कुंपणाला नर्सरीतून आणलेली पिटकुळी ओळीने लावली आहे. हे तिथलं फूल होतं.

आयुष्यभर फुलं ओळखायची सवय, ती त्या दिवशी नको होती. माझ्या डोक्यात पहिला विचार आला तो असा की देवाने डावा दिला आहे आणि हे लपवतायत. म्हणजे मी गेले तर मरेन. दुसरा विचार त्याच्या पाठोपाठ आला. एक वाक्य बोलायचा अवकाश, "ह्या माझ्या झाडाचा फूल न्हय," आणि मी सुटले. आये मला उंबऱ्याबाहेर पाऊल टाकू देणार नाही.

मी मान वर केली. हे माझ्यासमोर उभे होते, चप्पल न काढता, आणि माझ्याकडे बघत नव्हते. दाढी वाढलेली होती. बोटांना पिटकुळीचा रंग लागला होता आणि ते तो पँटला पुसत होते, पुन्हा पुन्हा. ह्या माणसाने उभ्या जन्मात देवाच्या बाबतीत लबाडी केली नाही. समईत तेल कमी झालं तर टेम्पो वळवून तेल आणणारा माणूस. त्याने देवाच्या नावावर खोटं आणलं होतं, मी जगावं म्हणून. मला त्याची भीतीही वाटली आणि त्याच्याबद्दल मायाही दाटून आली.

"कधी निघूचा?" मी विचारलं.

खाट

इस्पितळात सकाळ झाडूच्या आवाजाने व्हायची, मग ताप, मग रक्त, मग चहा. ऑपरेशनच्या आधी मला बांगड्या काढायला लावल्या. बांगड्यांपेक्षा मला त्या परिचारिकेच्या केसातल्या अबोलीच्या वेणीचं दुःख झालं, कारण कुणीतरी ती फार सैल गुंफली होती. दार बंद होताना मी ह्यांना शोधलं. हे भिंतीकडे तोंड करून उभे होते.

माझ्या मनात एकच होतं. डावा कौल. देवाने नको म्हटलं आहे आणि मी चालले आहे.

जाग आली तेव्हा तोंड सुकलं होतं आणि डावी बाजू जड दगडासारखी होती. मी जिवंत होते, पण माझा विश्वास बसेना. पुढचे किती दिवस मला वाटत राहिलं की देव उशिरा हिशेब करतो, आत्ता करेल, टाके काढताना करेल.

शेजारच्या खाटेवर शिरोड्याची एक मासेवाली होती. तिचं माझ्या आधी झालं होतं. ती मला म्हणाली, "कसला भियाचा गो? डॉक्टरान काढल्यान ता काढल्यान. माका एक बांगडो साफ करूक जेवढो वेळ लागता तेवढ्यात आटपल्यान मेल्यान." मी हसले आणि टाके इतके ओढले गेले की डोळ्यांत पाणी आलं. तिची सून डब्यात सोलकढी आणायची, त्यातली अर्धी वाटी माझी. कुठल्याही औषधाने जे झालं नाही ते त्या अर्ध्या वाटीने व्हायचं. पण ती रडायची तेव्हा चादर तोंडावर घेऊन रडायची, आणि मग मला कळायचं की बांगडा साफ करायची गोष्ट ती स्वतःलाच सांगत होती.

खिडकी

दिवाळीनंतर औषधाच्या बाटल्या सुरू झाल्या. कोल्हापूरला जायचं, सलाईन लावून घ्यायची, परत यायचं, आठवडाभर माणसात नसायचं, जरा बरं वाटलं की पुन्हा जायचं. डॉक्टरांनी बजावलं होतं, अंगातली ताकद कमी झालेली असते, मातीत हात घालायचा नाही, खोलीत फुलं ठेवायची नाहीत. त्यांनी ते सहज सांगितलं. माझ्या आयुष्यात ज्याची मला भीती नव्हती अशी एकच जागा होती आणि आता तिचीही भीती बाळगायची होती. वाऱ्याने परड्यातली धूळ आली तरी मी तोंडावर पदर धरायची. ज्या मातीत मी रोज नखं घातली ती मला मारायला बसली आहे, असं वाटायचं.

मी खिडकीत बसायची आणि हे बाग करायचे. बघवत नव्हतं. ज्याने जन्मात रोप लावलं नाही त्याने माझी शेवंती मुळासकट उपटली, तण समजून. मग कुणीतरी सांगितलं की मासे धुतलेलं पाणी झाडांना चांगलं. ते सुरमईचं पाणी ह्यांनी मोगऱ्यापासून तुळशीपर्यंत सगळ्यांना घातलं. गावातल्या मांजरांनी वाफे उकरून शिंपले चहूकडे उडवले.

"तुळशीक माशाचा पाणी?" मी खिडकीतून ओरडले. "अक्कल खंय ठेवलात? मी मराची आसय अजून, तेच्या आधी परडा मारलात."

हातातलं खोरं टाकून हे सरळ टेम्पो घेऊन गेले. जेवायला आले नाहीत. आये मला म्हणाली, "तेका बोल, पण मराचा बोला नको. तो परड्यात जाता कित्याक, तुका म्हायत नाय? तुझ्यासमोर रडूक गावणा नाय म्हणान."

त्यानंतर मी खिडकीतून शिकवायला लागले. कुठे चिमटायचं, कुठे सोडायचं. हे "हां, हां" म्हणत आपल्याच मनाचं करत राहिले. तरी अबोली जगली.

केस गेले त्याबद्दल फार लिहीत नाही. ज्या बाईने रोज वेणी माळली तिला विचारा. सुरंगी फुलली तेव्हा हे भल्या सकाळी झाडावर चढले, आयेने कळ्यांचा वळेसर, म्हणजे गजरा, केला, आणि मग दोघं तो हातात घेऊन खोलीच्या दारात उभे राहिले. माळायचा कुठे? आणि खोलीत आणायचा नाही. ह्यांनी बाहेर जाऊन तो खिडकीच्या गजाला, बाहेरच्या बाजूने बांधला. वारा आला की वास आत यायचा. त्या दिवशी मला उलटी झाली नाही. मी खूप रडले, पण ते वेगळं रडणं होतं.

पुन्हा

बाटल्या संपल्या. केस आले, पूर्वीपेक्षा कुरळे. हातमोजे घालून मी मातीत हात घातला, आणि मग एके दिवशी हातमोजे काढले. लोक म्हणाले, सुटलीस. कसली सुटले? पाठ दुखली की तोच विचार. खोकला आला की तोच. वर्षाची तपासणी जवळ आली तशी माझी भूक गेली. तपासणी झाली, आम्ही परत आलो, आणि आये म्हणाली, "रिपोर्ट येवचो तेवा येयत. देवाक विचारून तरी येवा. गेल्यावर्षी उजवो दिल्यान तो पावलो मा?"

मी विहिरीजवळ जाऊन पिटकुळीची फुलं काढली आणि म्हटलं, "आज मी पण येतंय."

आम्ही चालत निघालो. रिसॉर्टच्या कुंपणापाशी मी थांबले, एक फूल तोडलं, गोल, जाड पाकळ्यांचं, आणि ह्यांच्या हातावर ठेवलं. "गेल्यावेळी माका ह्या फुलान धाडलात."

हे फुलाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "तुका म्हायत होता?"

"तेव्हाच."

"आणि तरी इलंस?"

"देवान डावो दिल्यान, ता लपयलात. म्हायत आसून इलंय. वरीसभर भियालंय मी त्या डाव्याक."

हे मान हलवायला लागले. "डावो दिल्यान नाय गो. उजवो पण नाय. मी विचारलंयच नाय. गुरवाक म्हटलंय, फुलां नुसती पायांर वाह. सगळी दिलंय. मगे भायर बसलंय दुपारपर्यंत. डावो दिल्यान आसतो तर मी काय केलंय आसतंय? तुका घेवन गेलंयच आसतंय. मगे देवाक काय तोंड दाखवू? म्हणान विचारूकच नाय. घराकडे येताना बघलंय तर हातात दाखवूक फूल नाय."

वर्षभर मी ज्या कौलाला भीत होते तो लागलाच नव्हता. मला हसू आलं, रागही आला, आणि मी तिथेच कुंपणाच्या चिऱ्यावर बसले. हे माझ्या शेजारी बसले. आम्ही दोघंही किती घाबरट आहोत, हे आम्हाला पहिल्यांदाच एकत्र कळत होतं.

देवळात गेलो. मला गुरवाला सांगायचं होतं, फुलं नुसती वाहा. पण तो जुना माणूस, आमचं दुखणं त्याला ठाऊक, आम्हाला बघताच त्याने गाऱ्हाणं सुरू केलं आणि कळ्या भिजवून पाषाणाला लावल्यासुद्धा. उजवीकडे एक, डावीकडे एक. माझ्या झाडाच्या. त्यांच्यावरून पाण्याचा थेंब ओघळत होता. माझी नजर तिथून हलेना. ह्यांचा श्वास मला ऐकू येत होता.

मी ह्यांच्या कोपराला धरलं. आम्ही मागे वळलो.

सभामंडप ओलांडला, पायऱ्या उतरलो, चपला उचलल्या. त्या पायात घालायलाही थांबलो नाही. मागून गुरवाचा आवाज आला, "अगो, पडलो गो कौल. आयकून तरी जावा."

आम्ही ऐकू न आल्यासारखे, चपला हातात घेऊन, घराच्या वाटेला लागलो.